शारदा सदनचं उघडं दार

1893 साली पुण्यात एका संस्थेविषयी वाड्यावाड्यांतून कुजबुज चालली होती. ती संस्था म्हणजे पंडिता रमाबाईंचं शारदा सदन. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलेलं, मुख्यतः बालविधवांसाठी. आरोप असा, की शिक्षणाच्या नावाखाली बाई मुलींना बाटवतात. ‘केसरी’ने तो लावून धरला.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. लेक मनोरमेला घेऊन त्या प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. सक्ती नव्हती. अर्थात, मुलींना ख्रिस्त कळावा ही बाईंची इच्छाही लपलेली नव्हती, हे मान्य करायला हवं. दार लावून घेतलं असतं, तर कदाचित गवगवा थांबला असता. बाईंनी ते साफ नाकारलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

निंदकांसाठी प्रार्थना करा, असं येशूने शिकवलं. त्याचा अर्थ तोंड मिटून सोसा, असा रमाबाईंनी कधीच घेतला नाही. आपली बाजू त्यांनी स्वच्छ मांडली आणि त्या कामाला लागल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. ते आजही चालू आहे.