वेश राजाचा, ओळख भूमीची



गुढीपाडव्याची शोभायात्रा असो वा शिवजयंतीची मिरवणूक, नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर छोटे शिवराय आणि छोट्या जिजाऊ हमखास दिसतात. जिरेटोप सावरीत चालणारा नातू पाहून आजीचे डोळे पाणावतात. याला केवळ हौस म्हणता येणार नाही. इतिहास मुलाच्या अंगाला प्रथम स्पर्श करतो तो अशा वेशातूनच. म्हणून तो वेश खरा असावा, असा आग्रह धरला पाहिजे.

या आग्रहामागे एक धडा आहे. परदेशी ग्रंथातून आलेले इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे चित्र एके काळी छत्रपतींचे म्हणून घरोघरी पूजले जात होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढून १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र समाजापुढे ठेवले. श्रद्धा खरीच होती. पण तिला अभ्यासाची जोड नव्हती. आजही बाजारातून चकाकत्या गुंड्यांचा तयार पोशाख भाड्याने आणला जातो, तेव्हा तीच चूक लहान प्रमाणात पुन्हा घडते. जुना अंगरखा बंदांनी बांधला जाई. सुती कापड, चार बंद आणि कमरेला शेला एवढ्यावर घरची माउली तो एका रविवारी शिवू शकते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. राजा कोणत्याही शतकातला असो, पोशाख एकच! वास्तविक या भूमीला शिवकाळाच्या कितीतरी आधीची राजपरंपरा आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. कंधारचा किल्ला त्याच घराण्यातील तिसरा कृष्ण याच्या नावाशी जोडला जातो. याच घराण्यातील अमोघवर्षाच्या कारकिर्दीत, इ. स. ८५१ च्या सुमारास, एका अरबी प्रवासवर्णनाने या राजाची गणना खलिफा, चीनचा सम्राट आणि रोमचा सम्राट यांच्यासह जगातील चार थोर राजांत केली. प्रजेवरील संकट टळावे म्हणून अमोघवर्षाने महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केले, असे संजान ताम्रपट सांगतो. लातूरच्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

अमोघवर्षाचा वेश करावयाचा तर जिरेटोप आणि अंगरखा बाजूला ठेवावा लागेल. त्या काळाचे दालन दगडात उघडे आहे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांचेच. पुढच्या चालुक्यकाळातील होट्टल आणि निलंग्याची मंदिरे तर घरापासून जवळ आहेत. तेथील मूर्ती देवतांच्या आणि सुरसुंदरींच्या असल्या, तरी वस्त्रालंकारांची घडण तेथे दिसते. प्रामुख्याने न शिवलेली वस्त्रे, कमरेला मेखला, दंडावर केयूर, कानांत कुंडले, मस्तकी उंच मुकुट. आजोबांचे धोतर, एक उपरणे, जाड पुठ्ठा आणि सोनेरी कागद एवढ्यावर हा वेश उभा राहतो. शिलाई जवळजवळ नाहीच. निरीक्षण मात्र भरपूर लागते.

म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी कुटुंबाने वही-पेन्सिल घेऊन होट्टलला जावे. मुलाने मेखलेच्या लडी मोजाव्यात, मुलीने मुकुटाचे चित्र काढावे, वडिलांनी मंदिराचा काळ सांगावा. मिरवणुकीपूर्वी मुलाला त्या राजाविषयी चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजेत. तोवर वेश अपुराच समजावा.

संध्याकाळी मिरवणूक संपते. मुकुट उतरतो, धोतराची घडी कपाटात जाते. त्यानंतर मुलाजवळ काय उरते, यावरच त्या वेशाचे मोल ठरते. केवळ छायाचित्र उरले, तर भाडे वाया गेले. ‘हा राजा माझ्या गावचा’ ही ओळख उरली, तर पडझड झालेल्या मंदिराकडे आणि ओस पडलेल्या तटबंदीकडे ते मूल उद्या परक्याच्या नजरेने पाहणार नाही. वारसा जपणारे हात असेच घडतात.