पत्ता नसल्याचा पत्ता

सी भाषेत पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता बाळगणारे चल. पण कधी कधी पत्ता नाही, हेही सांगावे लागते. यादी संपली, पुढे काही नाही. मेमरी मागितली, मिळाली नाही. अशा वेळी नल पॉइंटर वापरतात. कोणत्याही खऱ्या वस्तूच्या पत्त्याशी तो जुळणार नाही, ही हमी भाषा देते. ती हमी यंत्राने कोणत्या बिटांनी पाळायची, याबद्दल मात्र ती काहीही म्हणत नाही. मला हे मौन फार शहाणपणाचे वाटते, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

प्रोग्रॅममध्ये आपण पॉइंटरला 0 देतो. मग मेमरीतही सगळे बिट शून्यच असणार, असे सर्रास धरले जाते. वास्तविक ते 0 ही कंपायलरसाठी खूण आहे. पॉइंटरच्या जागी स्थिरांक शून्य दिसला, की कंपायलर त्या यंत्रावरचे नलचे रूप तिथे घालतो. हनीवेल-बुलच्या काही मेनफ्रेमवर ते रूप अष्टमान पद्धतीतले 06000 होते. प्राइम 50 मालिकेत, निदान पीएल/वन भाषेसाठी, सेगमेंट 07777 आणि ऑफसेट 0 असे होते. पुढच्या मॉडेलांत सीसाठी सेगमेंटही 0 केला गेला आणि नल तपासायला टीसीएनपी नावाची नवी सूचना प्रोसेसरमध्ये आली. चुकीचे गृहीत धरून लिहिलेला सी कोड इतका साचला होता, की त्याच्यासाठी हार्डवेअरने वाट बदलली!

कंपायलरला समोर पॉइंटर दिसतो, तोवर सगळे सुरळीत चालते. 'इफ (पी)' ही तपासणी त्या यंत्रांवरही अचूकच ठरते, कारण तुलना नलशी होते, बिटांशी नव्हे. कॅलॉक किंवा मेमसेट ही फंक्शने मात्र फक्त बाइट शून्य करतात. तिथे पॉइंटर आहेत हे त्यांना कळत नाही, म्हणून अशा यंत्रांवर ते नल होतीलच असे नाही.

आजच्या यंत्रांवर खरी अडचण एक्झेकएलसारख्या फंक्शनमध्ये येते. त्याच्या आर्ग्युमेंटांची संख्या ठरलेली नसते आणि यादीचा शेवट नल पॉइंटरने दाखवायचा असतो. तिथे नुसते 0 लिहिले, तर ते इंट म्हणून जाते. इंट 32 बिटांचा, पॉइंटर 64 बिटांचा. उरलेल्या अर्ध्या भागात काय असेल, याची शाश्वती नाही. नल हा मॅक्रोही नुसता 0 असू शकतो, त्यामुळे तोही भरवशाचा नाही.

भाषेची हमी आणि यंत्राचे वास्तव यांतल्या अंतराची दुसरी बाजू 2009 मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये दिसली. तिथे पॉइंटरमधून आधी एक फील्ड वाचले होते आणि तो नल आहे का, हे नंतर तपासले होते. जीसीसी या कंपायलरने तर्क केला: वाचला, म्हणजे नल नव्हताच. तपासणी निरुपयोगी ठरवून त्याने ती काढून टाकली. भाषेच्या नियमांत हे चोख बसते. पण यंत्रावर शून्य पत्त्याचे पान मॅप करता येत होते आणि हल्लेखोराला तेवढी वाट पुरेशी होती. त्यानंतर अशा तपासण्या काढू नयेत, असे सांगणारा पर्याय देऊनच कर्नल कंपाइल होऊ लागले.

सी भाषेच्या सी23 या मानकात नल पॉइंटरसाठी नलपीटीआर हा स्थिरांक आला. त्याला स्वतःचा टाइप आहे, म्हणून एक्झेकएलसारख्या फंक्शनच्या यादीच्या शेवटी तो पॉइंटर म्हणूनच पोहोचतो. जुन्या कंपायलरवर काम करणाऱ्यांनी तिथे कॅरेक्टर पॉइंटरचा कास्ट लावूनच 0 लिहावे.