पुढून राजवाडा, मागून ज्याची त्याची मर्जी

आजचा विषय आहे टेरेस हाऊस. डोळ्यांसमोर गच्ची आली ना? पण इथे गच्चीचा काही संबंध नाही. इंग्लंडमध्ये टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेली घरांची रांग. आपण रो हाऊस म्हणतो ना, साधारण तेच.

जॉर्जियन काळातली, म्हणजे अठराव्या शतकातली, अशी एक गाजलेली रांग बाथ शहरात आहे. रॉयल क्रेसेंट. धाकट्या जॉन वुडने ती १७६७ ते १७७५ या काळात उभी केली. चंद्रकोरीच्या आकारात ३० घरं, मधाच्या रंगाचा बाथचा दगड आणि पुढे ११४ खांब. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय. खांब त्याच्या वरून सुरू होतात आणि सरळ दोन मजले चढतात. म्हणून लांबून बघाल तर तीस घरं दिसतच नाहीत, एकच राजवाडा दिसतो.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुडने ठरवला तो दर्शनी भाग. घर घेणारा त्यातला आपला तुकडा घ्यायचा आणि स्वतःचा आर्किटेक्ट लावून मागे हवं तसं घर बांधायचा. त्यामुळे मागून बघितलं तर कुणाचं घर पुढे आलेलं, कुणाचं छप्पर उंच, खिडक्यांचा एकमेकींशी मेळ नाही.

आतली रचना मात्र साधारण ठरलेली. एक नंबरच्या घरात आता म्युझियम आहे, तिथे ती बघता येते. स्वयंपाकघर तळघरात, पाहुण्यांचा दिवाणखाना वर. म्हणजे राबणारे हात दर्शनी भागात कुठेच दिसत नाहीत.

मग हा दर्शनी भाग नक्की कुणाचा? घरमालकाचा की सगळ्या शहराचा? १९७०च्या दशकात हा वाद खरंच पेटला. २२ नंबरच्या मालकीणबाईंनी दार पिवळं रंगवलं. बाकीची दारं पांढरी. नगरपालिका म्हणाली, रंग बदला. बाई हटल्या नाहीत, प्रकरण वर मंत्र्यांपर्यंत गेलं आणि शेवटी बाई जिंकल्या.

मला विचाराल तर खांब सगळ्यांचे, ते कुणी एकट्याने बदलू नयेत. पण दाराच्या रंगाने राजवाडा मोडत नाही. उलट त्या एका दारामुळे कळतं की इथे राजा नाही, तीस वेगवेगळी घरं राहतात.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!