तुरट या शब्दाची गोडी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी दारू पीत नाही. घरात ती नव्हती, धर्मात वर्ज्य, आणि पुढे कधी ओढही वाटली नाही. पण मी गझला लिहितो, आणि गझलेत साकी आणि प्याला हटकून येतात. त्यामुळे 'न पिता लिहितोस कसा?' हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतो आहे.

कॉलेजातले आम्ही पाच मित्र. नोकऱ्या लागल्या, त्यांच्या बैठका सुरू झाल्या आणि मला बोलावणं येईनासं झालं. 'तुला अवघड वाटेल म्हणून,' ते म्हणत. हेतू चांगलाच होता. पण काळजीपोटी कोणी आपल्याला वगळलं, की भांडताही येत नाही.

मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकानं लोणावळ्याच्या घरी सर्वांना जेवायला बोलावलं. या वेळी मलाही. बाहेर मावळातला पाऊस, आत इंद्रायणी भाताचा वास. टेबलावर रेड वाइनची बाटली होती. कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराझ या दोन द्राक्षांच्या वाइनचं मिश्रण. वहिनींनी माझ्यापुढेही तसाच उंच दांड्याचा ग्लास ठेवला आणि त्यात कोकम सरबत ओतलं. म्हणाल्या, "घ्या भाऊजी, रंगात काही कमी नाही."

मित्रांनी ग्लास हलवले, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. चव कशी? बाटलीवर इंग्रजीत 'ब्लॅककरंट' लिहिलेलं. ते फळ आमच्यापैकी कोणी खाल्लेलं नव्हतं. 'छान आहे' याच्या पुढे कोणाची गाडी जाईना. यजमान म्हणाला, "शायर, शब्द तू दे."

मी विचारत गेलो. जीभ कोरडी पडते? हिरड्या आवळतात? हो. मग ते तुरट. कच्च्या केळ्यासारखं की जांभळासारखं? जांभळासारखं! द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या या चवीला आपल्याकडे सहा रसांत मानाची जागा आहे. पुढे करवंद सापडलं, शेवटी मिरीसुद्धा. मिरीचा झणका शिराझचा, तुरटपणाचा कणा कॅबर्नेचा. एकाचा कडकपणा दुसरा मऊ करतो, म्हणून ही जोडी जमवतात, असं यजमानानं सांगितलं.

शिराझ म्हणताच एकजण ओरडला, "अरे, ही तर तुझ्या हाफिजच्या गावची!" हाफिज इराणातल्या शिराझचा, हे खरं. पण हे द्राक्ष तिथलं नव्हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणीत ते आग्नेय फ्रान्समधल्या दोन जातींचं अपत्य ठरलं. नाव इराणी, जन्म फ्रेंच आणि या बाटलीपुरती माती महाराष्ट्राची. मी म्हटलं, "माझं नाव ऐकूनही लोक विचारतात, मूळचे कुठले? मी मावळ म्हणतो, तर म्हणतात, तसं नव्हे, मूळचे?" सगळे हसले, मग जरा गप्प झाले.

खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतून मराठीत आणल्या त्या माधव जूलियन यांनी, १९२९ साली. ऐंशीच्या दशकात तर नारायणगावच्या फसफसत्या वाइनची बाटली 'ओमर खय्याम' नावानं परदेशी गेली. कवितेतला प्याला असा कुठूनही कुठे पोचतो. तो उचलायला परवाना लागत नाही, आणि तो घशाखाली उतरलाच पाहिजे असंही नाही.

निघताना यजमान छत्री घेऊन गाडीपर्यंत आला. म्हणाला, "अवघड तुला नव्हतं रे वाटत. आम्हालाच वाटायचं." तीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर मी पावसात उभं राहून ऐकलं.

पंगतीत प्रत्येकाला सारखंच वाढलेलं असावं, असं नाही. आपलं पान मांडलेलं असलं की पुरतं.