म्हाळुंग्याच्या मैदानावरचा अराता

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

बंगळुरू महामार्गावरून पुण्याच्या पश्चिम अंगाला गेलात की उजेडाचे उंच खांब लांबूनच दिसतात. ते श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. सगळे त्याला बालेवाडी म्हणतात; पण बालेवाडी आणि मुळशी तालुक्यातलं म्हाळुंगे यांच्या शिवेवर ते वसलेलं आहे, आणि म्हाळुंग्याचं नाव घ्यायला आपण सोयीस्करपणे विसरतो. ते गावही २०२१ मध्ये महापालिकेत आलं. या मैदानावर पाच-सहा वर्षं फुटबॉल खेळलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याचं नाव इझुमी अराता.

अराताचा जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकी या बंदराच्या गावचा. आई जपानी, वडील गुजराती. नीलकंठ खंभोळजा या नावानेही तो ओळखला जातो. पण वाढला तो पूर्णपणे जपानी मुलगा म्हणून, फुटबॉलही तिथेच शिकला. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाय रोवणं सोपं नाही. हजारो पोरं शाळेपासून रांगेत उभी असतात. आल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबने २००४ पासून आपला एक संघ चक्क सिंगापूरच्या लीगमध्ये उतरवला होता. मायदेशी संधी न मिळालेल्या तरुणांसाठी ती एक खिडकीच होती. अराता त्या खिडकीतून बाहेर पडला आणि २००६ मध्ये थेट कोलकात्याला, ईस्ट बंगालमध्ये पोहोचला.

परदेशी खेळाडू आपल्याकडे येण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९८० च्या सुमारास मजीद बिश्कर आणि जमशीद नसिरी हे इराणी तरुण शिकायला म्हणून भारतात आले आणि कोलकात्याचे लाडके झाले. पुढे नायजेरियाचा चिमा ओकोरीही विद्यार्थी म्हणूनच आला होता. जमशीद तर कोलकात्यातच राहिला. त्याचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२ मध्ये मोहन बागानकडून ईस्ट बंगालविरुद्ध, म्हणजे बापाच्याच जुन्या क्लबविरुद्ध, तीन गोल केले! घरी जेवताना काय बोलणं झालं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

पण व्यावसायिक लीग आल्यावर परदेशी खेळाडूचं जगणं बदललं. त्याचा करार बहुधा एका हंगामाचा. व्हिसा त्या कराराला बांधलेला. गुडघा दुखावला, दोन महिने गोल झाला नाही, की पुढच्या वर्षी क्लब दुसरा माणूस आणायला मोकळा. शिवाय एका संघात परदेशी किती असावेत याची मर्यादा ठरलेली. त्यामुळे क्लब त्या जागा शक्यतो गोल मारणाऱ्यांना आणि उंचापुऱ्या बचावपटूंना देत. आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना म्हणूनच आपल्याकडे मागणी. मधल्या फळीत खेळणाऱ्या, शांतपणे चेंडू पुढे सरकवणाऱ्या, अंगाने सडसडीत जपानी माणसावर यातली एक जागा खर्च करायची तर त्याच्यात तसं काही असावं लागतं.

ते अरातामध्ये होतं. कोलकात्याहून तो मुंबईला महिंद्रा युनायटेडमध्ये आला, आणि तिथून २००९ मध्ये पुणे एफसीमध्ये. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला हा क्लब तेव्हा नुकताच आय-लीगच्या पहिल्या फळीत चढला होता. पहिल्याच हंगामात तो तिसरा आला. क्रिकेटच्या या शहरात त्याची बातमी पानाच्या तळाला छापून यायची, पण कॅम्प, खडकी, देहूरोडकडची फुटबॉलवेडी मंडळी सामन्यांना हटकून जात. शहरापासून लांब, संध्याकाळी परत यायला वाहन मिळण्याची मारामार, तरी जात.

२०१२-१३ चा हंगाम या क्लबचा सर्वांत चांगला. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. बचावात नायजेरियाचा चिका वाली, आघाडीला दक्षिण सुदानचा जेम्स मोगा. हा मोगा म्हणजे वेगळंच प्रकरण. त्याचा देश २०११ मध्ये जन्माला आला, आणि त्या देशाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, २०१२ च्या जुलैत युगांडाविरुद्ध, त्याने गोल केला होता. म्हणजे एक नव्या देशाचा नागरिक, दुसरा देश बदलायला निघालेला, आणि दोघे एकाच संघात. त्या वर्षी पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर राहिला. चर्चिल ब्रदर्सने विजेतेपद नेलं.

देश बदलायला निघालेला, असं म्हटलं ते अक्षरशः. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा, असा निर्णय केंद्र सरकारने २००८ मध्ये घेतला होता. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला नुसत्या ओसीआय कार्डावर राष्ट्रीय संघाचा शर्ट मिळत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेला मायकेल चोप्रा भारताकडून खेळायला उत्सुक होता, पण ब्रिटिश पासपोर्ट सोडण्यापाशी गाडी अडली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जपानही प्रौढ माणसाला ते ठेवू देत नाही. म्हणजे अरातापुढे मधला रस्ताच नव्हता. जपानचा पासपोर्ट हातात असला की जगातल्या बहुतेक दारांवर कुणी फारसं विचारत नाही. तो सोडून भारताचा घ्यायचा म्हणजे उद्या आईला भेटायला जायचं तरी व्हिसा. तिशीच्या उंबऱ्यावर, कारकिर्दीची पाच-सहा वर्षंच उरलेली असताना हा व्यवहार कोण करेल?

त्याने केला. २०१२ च्या अखेरीस तो भारतीय नागरिक झाला आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध भारताकडून मैदानात उतरला. तो सामना आपण हरलो. यातून त्याला लाभ काहीच नव्हता असं नाही. भारतीय झाल्यामुळे क्लबमधली परदेशी खेळाडूची जागा मोकळी झाली आणि त्याची किंमत वाढली. पण निव्वळ हिशेब मांडला तर तोटाच जास्त, असं माझं मत आहे. फुटबॉलच्या क्रमवारीत त्या वेळी आपण दीडशेच्याही खाली होतो. अशा संघात जागा मिळवण्यासाठी पासपोर्ट सोडायचा, तर मनात पैशापलीकडचं काहीतरी असणार. वडिलांच्या देशाशी जोडून घेण्याची ओढ म्हणा.

आणि त्याने निवडलेल्या या देशात काय झालं बघा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. २००६ चा राष्ट्रीय विजेता क्लब, चार वर्षांत गुंडाळला. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. मग इंडियन सुपर लीगमध्ये अराता २०१५ साली कोलकात्याकडून खेळून पुन्हा याच मैदानावर, एफसी पुणे सिटीकडून आला २०१६ मध्ये. तो क्लबही २०१९ मध्ये बंद. महाराष्ट्रातले हे तीन क्लब त्याने अंगावर घातले आणि तिन्ही आज नाहीत. नागरिक होऊन बसलेला माणूस टिकला, त्याला बोलावणारी घरं टिकली नाहीत. मालकांची गणितं त्यांच्यापाशी, पण शहराने तरी क्लब आपला मानला होता का? बारा-पंधरा हजारांच्या मैदानात काही सामन्यांना रिकाम्या खुर्च्याच जास्त असत.

अराता पुढे २०१७-१८ मध्ये केरळा ब्लास्टर्सकडे गेला आणि खेळणं थांबवल्यावर जपानला परतला नाही. रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स या नवी मुंबईतल्या निवासी अकादमीत तो प्रशिक्षक झाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडून आणलेली मुलं तिथे शिकतात. 

त्याच्यासारखा दुसरा कुणी पुढे यायला बरीच वर्षं गेली. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले.