देवळालीचे गुरुजी आणि विषम संख्यांची माळ



झाशीहून मुंबईकडे निघालेली आगगाडी भोपाळ, भुसावळ, मनमाड ओलांडून देवळालीला पोचते. तेथील शाळेत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शिकवीत असत. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते अंकांचे अनावर वेड. याच लोहमार्गावरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. ११ आणि १११ यांचे वर्ग, १२१ व १२३२१, हे त्यांपैकीच.

अंकांच्या अशाच एका खेळाकडे आज पाहू. क्रमाने येणाऱ्या विषम संख्या एकापुढे एक जोडीत जावे: १३, १३५, १३५७, १३५७९, १३५७९११. आता त्यांचे मूळ अवयव काढावेत. १३ ही स्वतःच मूळ संख्या. १३५ म्हणजे ३ × ३ × ३ × ५. १३५७ मध्ये २३ आणि ५९ दडलेले, तर १३५७९ मध्ये ३७ आणि ३६७. १३५७९११ ला पुन्हा ३ ने तीनदा भाग जातो. उरतात १९ व २६४७.

३ हा अवयव मधूनमधूनच का येतो? ९ ने भागले असता जोडून झालेली संख्या आणि जोडलेल्या संख्यांची बेरीज, दोहोंची बाकी एकच येते. पहिल्या तीन विषम संख्यांची बेरीज ९, सहांची ३६. जितक्या संख्या घ्याव्या, तितक्यांचा वर्ग. म्हणून तीन, सहा, नऊ अशा संख्या जोडल्या की ९ ने भाग जाणारच. एरवी ३ नेही जाणार नाही. २३ आणि ५९ मात्र असे आधी कळत नाहीत. तेथे एकेका मूळ संख्येने भागूनच पाहावे लागते.

असे भागून पाहण्याला चिकाटी लागते आणि तिचे कौतुक लवकर होत नाही. कापरेकरांचे काम अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते जगाला ठाऊक झाले. निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती.

म्हणून पालकहो, घरी एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर अंक जुळवीत बसले, तर 'हे परीक्षेला येणार आहे का?' असे विचारू नये. 'पुढची संख्या कोणती?' असे विचारावे. ती आहे १३५७९१११३. तिला ३ ने किंवा ५ ने भाग जाणार नाही, हे न भागताही सांगता येते. पुढचे अवयव मुलांसोबत बसून शोधावेत.