दारावरच्या पाट्या

नकाशा प्रक्षेपणाच्या कोडमध्ये ‘फोर्टपाय’ नावाचा एक स्थिरांक आहे. मुंबईकराला आधी फोर्ट आठवेल, पण तो आहे पाव पाय, म्हणजे ०.७८५३९८. तो कामावर आहे, त्याला हात लावायचा नाही. आज बोलायचंय ते कामावर नसलेल्या स्थिरांकांबद्दल.

हा कोड ‘प्रोज’ या लायब्ररीचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात जेराल्ड इव्हेंडेन यांनी तिचा पाया घातला. आज क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पडद्याआड तिच्याच जोरावर चालतं. अशा कोडमध्ये नवं प्रक्षेपण लिहायचं तर शेजारची फाइल उचलायची आणि सूत्र बदलायचं, हा सोपा मार्ग. सूत्र बदलतं, वरचे स्थिरांक तसेच राहतात. भाडेकरू गेला तरी दारावर त्याची पाटी राहावी, तसे.

कंपायलर सांगेल, या भरवशावर राहू नका. स्थिरांक मॅक्रो म्हणून लिहिलेला असेल आणि तो कोणी वापरत नसेल, तर जीसीसी हा कंपायलर आपणहून चकार शब्द काढत नाही. तो इशारा मुद्दाम मागावा लागतो, आणि मागितला तरी हेडर फाइलींतले मॅक्रो त्यातून सुटतात.

असा स्थिरांक पडून राहिला तर कोणाचं काय खातो? यंत्राचं काहीच नाही. खातो वाचणाऱ्याचं डोकं. समजा वर ‘एप्सिलॉन’ लिहिलाय, दहाचा उणे आठवा घात. वाचणारा समजतो, सूत्राची अचूकता एवढीच. रेडियनमधला हा आकडा पृथ्वीच्या ६३,७८,१३७ मीटर त्रिज्येने गुणा. साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे जेमतेम चार बोटं. खाली गणित प्रत्यक्षात थांबतं ते उणे दहाव्या घातावर, एक मिलिमीटरही नाही. पाटी वाचून आत शिरलेला माणूस चुकीच्या घरात!

मग टाका पुसून? थांबा. शोध घेऊन नाव सापडलं नाही म्हणजे बिनवापराचं, असं धरणारे फसतात. मर्केटर प्रक्षेपणाच्या वर्णनाचं नाव ‘डेस-मर्क’. ते अख्खं नाव त्याच्या फाइलीत कुठेच दिसत नाही, कारण मॅक्रो ‘डेस’ आणि ‘मर्क’ यांची गाठ कंपाइल होताना मारतो. म्हणून मी एक ओळ काढतो, कंपाइल करतो, चाचण्या चालवतो, मगच दुसरीला हात.

तशीच गोष्ट प्रोजमधल्या लंबगोलांच्या, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या मापांच्या, यादीची. तीत एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलाच्या पाच नोंदी आहेत. प्रक्षेपणाचं एकही सूत्र त्यांचं नाव घेत नाही. एका उत्साही मुलानं मला विचारलं, पाचांची एक करू का? त्याला आकडे वाचायला लावले. १८३० च्या नोंदीत अर्धअक्ष ६३,७७,२७६.३४५ मीटर, १९४८ च्या नोंदीत ६३,७७,३०४.०६३. जवळपास २८ मीटरांचा फरक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्याच मापावर काढलेल्या. सह्याद्रीतली अशी एखादी शीट कोणी स्कॅन करून पडद्यावर बसवायला घेतली, की यादीतली त्या मापाची ओळ जागी होते. मुलानं पाचही ठेवल्या.